अठरा वर्षांच्या बोटीला नवं इंजिन बसवताना

३ नोव्हेंबर २०२४, भाऊबीज. ताई, तिची दोन मुलं, बाबा आणि मी बोटीतून खाडीच्या मुखाकडून घरी परत येत होतो. अमावास्या होऊन दोनच दिवस झाले होते, त्यामुळे ओहोटीला उधाणाची ओढ होती. बाबा हँडलवर बसले होते. त्यांनी मागे वाकून पाहिलं आणि म्हणाले, "धार खय गेली?" इंजिनाच्या मागून थंडाव्याच्या पाण्याची जी बारीक धार सतत पडत असते, ती बंद होती. मी काही बोलायच्या आत इंजिनाचा आवाज जड झाला, एक कर्कश घासल्याचा आवाज आला आणि सगळं शांत झालं.

बोट मुखाकडे ओढली जायला लागली. मी नांगर टाकला. तो दोनदा घसरला, तिसऱ्यांदा धरला. मुलं आधी गंमत समजत होती, मग ताईचा चेहरा पाहून गप्प झाली. पाऊण तासाने जाळी घेऊन परतणाऱ्या एका होडीने आम्हाला दोर दिला आणि जेटीला आणून सोडलं. त्या माणसांनी पैसे घेतले नाहीत, फक्त म्हणाले, पुढच्या वेळी वल्ही दोन ठेवा. आमच्याकडे एकच होतं.

आमची बोट फायबरची, १८ फुटी, २००६ मध्ये गावाजवळच्या कारखान्यात बांधलेली. बाबांनी ती गरीने मासे धरायला आणि आलेल्या पाहुण्यांना खाडीतून फिरवायला घेतली होती. इंजिन ४० हॉर्सपॉवरचं टू-स्ट्रोक आउटबोर्ड, म्हणजे बोटीच्या मागे बाहेरून लटकणारं, पेट्रोलमध्ये ऑइल मिसळून चालणारं, दोरी ओढून सुरू करायचं. मी पुण्यात असतो आणि महिन्यातून एकदा सिंधुदुर्गात घरी जातो. इंजिनातलं मला तोवर प्लग बदलण्यापलीकडे काही येत नव्हतं. पुढचे अकरा महिने जे शिकलो ते इथे तारखांसकट लिहितो आहे, कारण मला तेव्हा असं मराठीत लिहिलेलं काही सापडलं नव्हतं.

१० नोव्हेंबरला मेस्त्री आले. त्यांनी दोन्ही प्लग काढून कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये तयार होणारा दाब, मोजलं. वरच्या सिलिंडरला ११५ आणि खालच्याला ६० पीएसआय. दोन सिलिंडरमध्ये दहा-पंधरा टक्क्यांहून जास्त फरक दिसला की आत काहीतरी बिघडलंय असं समजायचं, इथे तर जवळजवळ निम्म्याचा होता. पाण्याच्या पंपातला रबरी पंखा, म्हणजे इम्पेलर, झिजून तुटला होता आणि त्याचे तुकडे मिठाने आधीच अरुंद झालेल्या नळ्यांत अडकले होते. पाणी थांबलं, खालचा सिलिंडर तापला आणि पिस्टनने त्याला ओरखडे पाडले. हा इम्पेलर हजार-दीड हजारांचा असतो आणि खाऱ्या पाण्यात दर दोन वर्षांनी तरी बदलायचा असतो. आम्ही तो शेवटचा कधी बदलला ते बाबांनाही आठवेना. तुमच्याकडे जुनं आउटबोर्ड असेल तर ही एक गोष्ट याच महिन्यात करून घ्या.

दुरुस्तीचा अंदाज ८५ हजारांचा निघाला: बोअरिंग, पिस्टन, रिंगा, पंप, गॅस्केट. पण ब्लॉकलाही आतून गंज होता. मेस्त्री म्हणाले, "ह्येच्यार आता कितीव पैसे घाल, ता तुका भर खाडीत सोडतला." बाबा काही न बोलता घरात गेले. त्यानंतर दोन महिने ते जेटीवर गेले नाहीत. रोज संध्याकाळी जाणारा माणूस.

मग सुरू झालं इंजिन शोधणं, आणि तिथे माझी पहिली चूक. मी कॅटलॉग उघडून बसलो. यामाहा, सुझुकी, होंडा, मर्क्युरी, सगळ्यांचे तक्ते एका वहीत उतरवले. हॉर्सपॉवर, सीसी, किंमत. मेस्त्रींना ती वही मोठ्या उत्साहाने दाखवली. त्यांनी ती मिटून परत दिली आणि म्हणाले, "आधी होडीक विचार, मगे इंजिन घे." तेव्हा मला वाटलं, हे नुसतं बोलणं आहे. त्याचा अर्थ डिसेंबरमध्ये कळला.

डिसेंबरमध्ये एक वापरलेलं फोर-स्ट्रोक, म्हणजे पेट्रोलमध्ये ऑइल न मिसळता चालणारं, इंजिन १ लाख ४० हजारांत मिळत होतं. फोटोत चकचकीत होतं. १८ डिसेंबरला मी २० हजार आगाऊ पाठवायला मोबाइल हातात घेतला होता. त्याआधी सहज म्हणून मेस्त्रींना फोन केला. त्यांनी एकच प्रश्न विचारला: शाफ्ट, म्हणजे इंजिनाचा खाली पाण्यात जाणारा दांडा, केवढा? मला माहीत नव्हतं. विकणाऱ्याला विचारलं तर १५ इंच. मग बाबांनी टेप घेऊन आमच्या बोटीचा मागचा फळा मधोमध मोजला, वरच्या काठापासून बोटीच्या तळापर्यंत. साडेवीस इंच भरला. म्हणजे आम्हाला २० इंची, लाँग शाफ्टच लागणार. १५ इंची बसवलं असतं तर बोट ढकलणाऱ्या पंख्याच्या, म्हणजे प्रोपेलरच्या, वर जी आडवी पट्टी असते ती बोटीच्या तळाच्या कितीतरी वर राहिली असती, पंखा पाण्याऐवजी हवा ओढत राहिला असता आणि इंजिन नुसतं ओरडलं असतं. ती पट्टी तळाच्या रेषेत किंवा फार तर इंचभर खाली यावी लागते. एक टेप आणि दोन मिनिटं, एवढ्याने १ लाख ४० हजार वाचले.

त्या दिवसापासून मी कॅटलॉग बाजूला ठेवला आणि बोट मोजायला लागलो.

टू-स्ट्रोक की फोर-स्ट्रोक, हा पुढचा प्रश्न होता. आमचं जुनं टू-स्ट्रोक ७२ किलोचं. ४० हॉर्सपॉवरची फोर-स्ट्रोक इंजिनं साधारण ९५ ते १०५ किलोंची असतात. शिवाय सेल्फ-स्टार्टला बॅटरी हवी, तिचे सोळा-सतरा किलो. २००६ मध्ये बोट बांधली तेव्हा हे वजन कोणी हिशेबात धरलेलं नव्हतं. आमच्या बोटीच्या मागच्या बाजूला डेकवरचं पाणी बाहेर जायला दोन भोकं आहेत. मागचा भाग जास्त दबला तर त्याच भोकांतून पाणी आत येणार.

हे तपासायची पद्धत मेस्त्रींनीच सांगितली, आणि ती मला या सगळ्या प्रवासातली सर्वांत उपयोगी वाटली. ११ जानेवारीला भरती पूर्ण होऊन पाणी थांबलं तेव्हा आम्ही बोट जेटीला बांधली. जुनं इंजिन जागेवरच होतं. पाण्याची रेघ खडूने मारली. भोकाची खालची कड पाण्यापासून चार बोटं वर होती. मग पिण्याच्या पाण्याचे २० लिटरचे दोन भरलेले जार इंजिनाला चिकटून ठेवले, वर नांगराची साखळी, म्हणजे नव्या इंजिनाचं आणि बॅटरीचं जादा वजन झालं. रेघ जेमतेम एक बोट खाली गेली. मला हायसं वाटलं. पण मेस्त्री म्हणाले, आता माणसं बसवा. बाबा हँडलपाशी बसले, मी त्यांच्या शेजारी. आता भोक पाण्यापासून अर्धं बोट वर. शेजारून एक होडी गेली, तिची लाट आली आणि पाणी आत आलं. माझ्या पायाला लागलं ते गार पाणी मी विसरणार नाही. मग एक जार उचलून मधल्या बाकाखाली ठेवला, जणू बॅटरी तिथे आहे. भोक पुन्हा दीड बोट वर आलं. निर्णय तिथेच झाला: फोर-स्ट्रोक चालेल, पण बॅटरी मधल्या बाकाखाली, पेट्रोलची टाकीही पुढे सरकवायची आणि मागच्या बाकावर एकच माणूस.

पैशाचा हिशेबही खरा सांगतो. विक्रेते म्हणतात, फोर-स्ट्रोक पेट्रोल वाचवून किंमत वसूल करतं. आम्ही वर्षाला फार तर ६० तास बोट चालवतो. तासाला चार लिटर वाचले तरी २४० लिटर, आमच्याकडच्या तेव्हाच्या साधारण १०५ रुपये दराने वर्षाला २५ हजार. पेट्रोलमध्ये मिसळायच्या टू-टी ऑइलचे आणखी पाच-सहा हजार. नव्या टू-स्ट्रोक आणि फोर-स्ट्रोकच्या किमतीत मला मिळालेला फरक सव्वादोन लाखांचा होता. म्हणजे सात वर्षं. रोज मासेमारीला जाणाऱ्याचं गणित वेगळं, आमच्यासारख्या हौशी माणसाने या कारणासाठी ते घेऊ नये. आम्ही घेतलं ते बाबांसाठी. त्यांचं वय ७१, उजवा खांदा दुखतो, दोरी ओढणं आता जमत नाही. आणि याचा आवाज कमी, बोटीत बोललेलं ऐकू येतं.

ताकदीवरून घरात वाद झाला. मला वाटत होतं, घेतोच आहोत तर ६० घेऊ. बंदर कार्यालयात विचारायला गेलो तेव्हा तिथल्या साहेबांनी बोटीच्या नोंदणी प्रमाणपत्रावरचा ४० हॉर्सपॉवरचा आकडा दाखवला आणि ताकद वाढवायची असेल तर बोटीची नव्याने तपासणी होईल असं समजावलं. जुन्या फळ्यावर जास्त ओढ टाकायची हिंमत माझ्यातही नव्हती. ४० च्या जागी ४०च.

फळा मजबूत आहे का, हे मात्र कोणी पाहिलंच नव्हतं. इंजिन ज्यावर लटकतं तो फळा बाहेरून फायबर दिसला तरी आत प्लायवुड असतो. २६ जानेवारीच्या सुट्टीत मेस्त्रींनी लाकडी हातोडीने तो ठोकून पाहिला. वर टणटण, खाली भदभद. मग आतल्या बाजूने पाच मिलिमीटरच्या ड्रिलने चार भोकं पाडली. वरच्या दोन भोकांतून कोरडा, पिवळसर भुसा निघाला. खालच्या दोन भोकांतून काळपट, ओला लगदा बाहेर आला आणि ड्रिलला चिकटून राहिला. त्याला कुजक्या पानांचा वास होता. जुन्या इंजिनाच्या बोल्टच्या भोकांतून वर्षानुवर्षं पाणी आत मुरलं होतं. त्यावर शंभर किलोचं इंजिन लटकवून मी मुलांना फिरवायला निघालो असतो, हा विचार त्या रात्री डोक्यातून जाईना.

दुरुस्तीला फेब्रुवारीत कारागीर मिळाले. आतला फायबरचा थर कापून कुजकं लाकूड काढलं, बाकीचा फळा दहा दिवस सावलीत वाळू दिला, मग आयएस ७१० शिक्क्याच्या मरीन प्लायचे दोन थर रेझिनमध्ये बसवून वर मॅटिंगचे थर. मध्ये शिमगा आला आणि सगळे आपापल्या वाडीत पालखीला गेले, काम बारा दिवस थांबलं. आमच्याकडे शिमग्यात कोणी कामाला येईल अशी अपेक्षाच ठेवू नये. २८ मार्चला फळा तयार झाला. खर्च ४१ हजार. याच सुमारास एका कारखान्यात नव्या १८ फुटी बोटीचा भाव विचारला, तो नुसत्या बोटीचा सव्वाचार लाख होता. त्यामुळे जुन्यावर खर्च करतोय याची टोचणी कमी झाली.

इंजिन कुठल्या कंपनीचं घेतलं ते मुद्दाम लिहीत नाही. आम्ही ते मेस्त्रींवर सोडलं: ज्याचे सुटे भाग तासाभराच्या अंतरावर मिळतात आणि जे उघडायची त्यांच्या हाताला सवय आहे, ते. तुमच्या खाडीवर उत्तर वेगळं येईल. तीन ठिकाणांहून भाव मागवले. एकाने सांगितलेला भाव सर्वांत कमी होता, पण त्यात तेव्हाचा २८ टक्के जीएसटी धरलेलाच नव्हता. भाव विचारताना जीएसटी, वाहतूक, टाकी, नळी आणि पंखा यांपैकी काय धरलंय हे लेखी मागा. स्टिअरिंग आणि रिमोटचा संच बसवायचे आणखी ६५ हजार होत होते, ते आम्ही टाळले. हँडलच ठेवलं, सेल्फ-स्टार्ट आणि बटणाने इंजिन वर उचलायची सोय मात्र घेतली.

३० मार्च, गुढीपाडवा. ५० हजार भरून नोंदणी केली. जीएसटीसह किंमत ५ लाख ६ हजार. तीन आठवड्यांत येईल असं सांगितलं होतं, आलं १२ मे रोजी, सहा आठवड्यांनी. दर दोन दिवसांनी फोन करत होतो. बाबा कॅलेंडर बघून पावसाला किती दिवस उरलेत ते मोजत होते.

१६ मेला बसवलं. नव्या फळ्याला भोकं पाडताना मेस्त्रींनी प्रत्येक भोकात आधी रेझिन फिरवलं, ते सुकू दिलं, मग स्टेनलेसचे बोल्ट आणि समुद्री वापराचं पॉलियुरेथेन सीलंट. साधं सिलिकॉन लावू नका, पहिला फळा त्यानेच कुजवला. पेट्रोलच्या नळीवर पाणी वेगळं करणारा फिल्टर बसवला. हल्ली पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं आणि आमच्या इंजिनाच्या पुस्तिकेत १० टक्क्यांपर्यंतच चालेल असं लिहिलंय. इथेनॉल हवेतली ओल ओढतं, ओल जास्त झाली की पाणी आणि इथेनॉल मिळून टाकीच्या तळाशी वेगळं होतं. यावर आम्हाला जमणारा उपाय एवढाच: जाण्याच्या दिवशी लागेल तेवढंच ताजं पेट्रोल आणायचं आणि उरलेलं स्कूटरमध्ये ओतायचं.

१८ मेला पहिल्यांदा पाण्यात. पहिले दहा तास इंजिन हळूहळू वापरात आणायचं असतं, एकदम पूर्ण वेगाने नाही. अडीच तास झाले. २० तारखेपासून पाऊस कोसळायला लागला आणि २५ मेला मोसमी पाऊस देवगडपर्यंत पोचल्याची घोषणाही झाली. जूनचा पाऊस मे महिन्यातच. बोट घाईघाईने वर ओढली, इंजिन गोड्या पाण्याने पंधरा मिनिटं धुतलं, टाकी रिकामी केली, बॅटरी घरी आणली.

कागदांचं काम पावसाळ्यात केलं. राज्यातल्या अशा बोटींची नोंद महाराष्ट्र सागरी मंडळाच्या बंदर कार्यालयात असते आणि इंजिन बदललं की प्रमाणपत्रावर नवा इंजिन क्रमांक चढवून घ्यावा लागतो. आमच्याकडून मागितलेली कागदपत्रं अशी: अर्ज, मूळ प्रमाणपत्र, नव्या इंजिनाचं बिल, क्रमांकाच्या पट्टीचा फोटो आणि जुन्या इंजिनाचं काय केलं त्याचं लेखी निवेदन. अर्ज देताना टेबलावरच्या बाईंनी बिल आणि फोटो शेजारी ठेवले आणि बोट ठेवून दाखवलं, बिलावर क्रमांकातला एक आकडा चुकला होता. ३ चा ८. विक्रेत्याकडून दुरुस्त बिल यायला २४ दिवस लागले. इंजिन खोक्यातून काढतानाच पट्टीवरचा क्रमांक बिलाशी एकेक आकडा वाचून जुळवा, मग खोकं घेऊन आलेल्या माणसाला जाऊ द्या. विम्यालाही तोच क्रमांक लागतो, तोही तेव्हाच बदलून घेतला.

८ ऑगस्टला नारळी पौर्णिमा होती. बोट अजून माडांखाली ताडपत्रीत. बाबांनी इंजिनाला हळद-कुंकू लावलं आणि नारळ घेऊन एकटेच चालत खाडीवर गेले.

सप्टेंबरात उरलेले तास पूर्ण केले आणि एक नवी अडचण दिसली. चार माणसं घेऊन पूर्ण वेग दिला तरी इंजिन मिनिटाला ५,०५० फेऱ्यांच्या वर जाईना. पुस्तिकेत पूर्ण वेगाला ५,००० ते ६,००० लिहिलंय, म्हणजे आम्ही अगदी खालच्या टोकाला. भरल्या बोटीत इंजिनावर ताण येत होता, चढावर वरच्या गिअरमध्ये गाडी हाकावी तसा. सोबत आलेला पंखा १३ इंच पिचचा होता; पिच म्हणजे एका फेरीत पंखा जेवढा पुढे सरकेल ते अंतर. पिच एक इंच कमी केली की साधारण १५० ते २०० फेऱ्या वाढतात, म्हणून ११ चा पंखा १५ हजारांना घेतला. त्याच चार माणसांनिशी ५,४५० आले, आणि बोट पाण्यावर उचलायलाही लवकर लागली. नवा पंखा घ्यायच्या आधी फेऱ्या मोजायचं मीटर मागून आणा, आम्हाला ते विक्रेत्याने दोन दिवसांसाठी दिलं होतं.

तपासणी ७ ऑक्टोबरला झाली. लाइफ जॅकेट माणशी एक, अग्निशामक, दोर, नांगर आणि आता दोन वल्ही. नवा क्रमांक चढलेलं प्रमाणपत्र १४ ऑक्टोबर २०२५ रोजी हातात आलं. बॅटरी, वाहतूक, बोल्ट-फिल्टर-नळ्या, पंखा, कागदपत्रं असं सगळं धरून खर्च ६ लाखांवर गेला. जुनं इंजिन सुट्या भागांसाठी २२ हजारांना गेलं. ते टेम्पोत चढवताना बाबांनी त्याच्या झाकणावरून एकदा हात फिरवला.

१८ ऑक्टोबरला, दिवाळीच्या तोंडावर, ताई मुलांना घेऊन आली. मुलांनी बोटीत पाय ठेवायच्या आधी विचारलं, आजोबा, बंद नाही ना पडणार? बाबांनी बटण दाबलं. इंजिन लागलं ते आवाजावरून कळलं नाही, मागे वळून पाहावं लागलं. बाबा वाकले, पाण्याच्या धारेखाली तळवा धरला आणि बराच वेळ तसाच धरून ठेवला.

"कोमट आसा," ते म्हणाले, आणि मला दोर सोडायची खूण केली.